दोन खांबांत एकच जागा



सरांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर शिक्षण, सहकार, पाणी, साहित्य असे भारदस्त विषय झाले. यंदाचा विषय विचारायला फोन आला तेव्हा मी म्हणालो, "एक गोलकीपर." पलीकडं थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "आपल्या कोल्हापूरचाच ना?" मी म्हणालो, "नाही, स्पेनचा." तरीही तुम्ही मला बोलावलंत, याबद्दल आधी आभार.

सर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर गोलच्या मागं उभे राहायचे. साइडलाइनला नाही, जाळीच्या मागं. तिथून खेळ उलटा दिसतो, पण गोलकीपरला जे दिसतं तेच दिसतं. मी एका तालमीच्या संघात सात हंगाम दुसरा गोलकीपर होतो. म्हणजे सामन्याआधी पहिल्या गोलकीपरला किका मारून द्यायच्या, मग ट्रॅकसूट चढवायचा आणि बाकावर बसायचं. सात हंगामांत पूर्ण सामने मिळाले तीन. त्यांपैकी एक आपल्या शाहू स्टेडियमवर. पहिल्या गोलकीपरला ताप आला होता. शेवटच्या दहा मिनिटांत समोरच्या फॉरवर्डनं डाव्या पायानं माझ्या उजव्या हाताला, खाली खांबाला चिकटून चेंडू घातला आणि आम्ही हरलो. पायऱ्यांवरून काय काय ऐकू आलं, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. सर जाळीमागून पुढं आले आणि म्हणाले, "गोल खाल्लास, ठीक. पण तो कुठल्या पायानं आणि कुठं मारतो, ते बघून ठेवलंस का? जा, आपल्या गोलीला सांग."

या प्रश्नाकडं मी शेवटी परत येणार आहे. मधल्या वेळात इकर कासियासची गोष्ट.

फुटबॉलचा गोल 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच असतो, हे इथं कुणाला सांगायला नको. पण त्यात माणूस एकच मावतो. बॅकला हाफ करता येतो, विंगरला आत घेता येतं, दोन चांगले फॉरवर्ड असले तर कोच दोघांनाही खेळवतो. दोन चांगले गोलकीपर असले तर एक बाकावर बसतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसं हे आहे. म्हणून एका गोलकीपरची कारकीर्द कधीच एकट्याची नसते. त्याला जागा मिळते तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी गेलेली असते. कासियासच्या करंडकांची यादी मोठी आहे. मला आज ती वाचायची नाही. ती एक जागा त्याला कशी मिळाली आणि कशी गेली, एवढंच सांगायचं आहे.

माद्रिदच्या नैऋत्येला मोस्तोलेस नावाचं गाव आहे, आता उपनगरच. 20 मे 1981 रोजी तो जन्मला आणि तिथंच वाढला. वडील शिक्षण खात्यात नोकरीला, आई केशभूषेचं काम करणारी. नऊ वर्षांचा असताना तो रिआल माद्रिदच्या मुलांच्या संघात आला. नोव्हेंबर 1997 मध्ये हा सोळा वर्षांचा पोरगा शाळेत वर्गात बसला होता. मोठ्या संघाला नॉर्वेत ट्रॉनहाइमला चॅम्पियन्स लीगच्या सामन्याला जायचं होतं आणि गोलकीपर कमी पडत होता. वर्गातूनच त्याला बोलावणं आलं आणि तो विमानात बसला. खेळायला मिळालं नाही. पण बाक असतो तरी कसा, ते त्यानं त्या दिवशी पाहिलं.

प्रत्यक्ष पदार्पण झालं 12 सप्टेंबर 1999 रोजी, बिलबाओच्या सान मामेस मैदानावर. सामना 2-2 सुटला. त्या हंगामात मध्येच व्हिसेंते देल बोस्के संघाचे प्रशिक्षक झाले. या मुलाला ते खालच्या गटांपासून ओळखत होते. 24 मे 2000 रोजी पॅरिसला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत झाली, रिआल माद्रिद विरुद्ध व्हॅलेन्सिया. कासियासला एकोणीस पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते. माद्रिदनं 3-0 नं बाजी मारली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या गोलमध्ये उभा होता सांतियागो कानिझारेस. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो माद्रिदचाच गोलकीपर होता. हे नाव लक्षात ठेवा.

पुढं 2002. त्या हंगामात कासियासचा फॉर्म गेला आणि जागा सेसार सांचेसकडं गेली. 15 मे रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर बायर लेव्हरकुसेनविरुद्ध अंतिम सामना. झिदाननं हवेतून येणारा चेंडू डाव्या पायानं थेट जाळीत घातला तो हाच सामना, तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. माद्रिद 2-1 नं पुढं होतं. साधारण अडुसष्टाव्या मिनिटाला सेसार जायबंदी झाला आणि बाकावरचा कासियास आत आला. शेवटच्या काही मिनिटांत लेव्हरकुसेननं गोलवर भडिमार केला. त्यानं एकामागून एक किका अडवल्या, एक तर पायानं. शिट्टी वाजली आणि हा रडायला लागला. वीस वर्षांचा होता. आता सेसारच्या बाजूनं बघा. हंगामभर मेहनत करून मिळवलेली जागा, अंतिम सामना, आणि त्या रात्रीचे फोटो मात्र दुसऱ्याचे.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत वर्ल्ड कप. स्पेनचा पहिला गोलकीपर कानिझारेस. हॉटेलच्या बाथरूममध्ये त्याच्या हातून अत्तराची बाटली निसटली. खेळाडूच तो. खाली पडणारी वस्तू त्यानं सवयीनं पायावर झेलायला पाहिली. काच फुटली, पायाचा स्नायुबंध कापला गेला आणि वर्ल्ड कप संपला. आपल्याकडं म्हणतात, शिंकं तुटलं नि बोक्याचं साधलं. कासियासला त्या वेळी असं म्हणणारे स्पेनमध्येही असणारच.

पण शिंकं तुटलं तरी झेप घ्यावीच लागते. 16 जूनला कोरियात सुवॉनला आयर्लंडशी गाठ पडली. सामना चालू असताना त्यानं इयन हार्टची पेनल्टी अडवली. सामना 1-1 राहिला, टायब्रेकर झाला, त्यात आणखी दोन अडवल्या. स्पेन 3-2 नं पुढं गेलं. स्पेनच्या वर्तमानपत्रांनी त्याला 'सान इकर', म्हणजे संत इकर, म्हणायला सुरुवात केली. सहाच दिवसांनी, 22 जूनला, यजमान दक्षिण कोरियाविरुद्ध पुन्हा टायब्रेकर. या वेळी संताला एकही किक अडवता आली नाही आणि स्पेन घरी गेलं.

22 जून ही तारीख स्पॅनिश फुटबॉलच्या मानगुटीवर बसलेली होती. 1986 च्या 22 जूनला बेल्जियमनं, 1996 च्या 22 जूनला इंग्लंडनं आणि आता कोरियानं, तिघांनीही त्यांना टायब्रेकरवरच बाहेर काढलं. 2008 च्या युरो स्पर्धेत इटलीविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पुन्हा 22 जूनला आला आणि व्हिएन्नात पुन्हा टायब्रेकरवर गेला. आपल्या पेठेत असतं तर लोकांनी आधी नारळ फोडला असता. कासियासनं दे रोस्सी आणि दि नाताले या दोघांच्या किका अडवल्या. स्पेन 4-2 नं जिंकलं. आठवड्यानं जर्मनीला हरवून चव्वेचाळीस वर्षांनी युरो करंडक हातात आला. कर्णधार कासियास.

त्या बक्षीस समारंभात एक गोष्ट घडली. त्यासाठी 1984 मध्ये जावं लागेल. तेव्हाही स्पेन युरोच्या अंतिम सामन्यात होतं, पॅरिसला, यजमान फ्रान्सविरुद्ध. गोलमध्ये कर्णधार लुईस आर्कोनादा. बास्क प्रांतातल्या रिआल सोसिएदादला लागोपाठ दोनदा लीग जिंकून देणारा, त्या काळातला उत्तम गोलकीपर. प्लातिनीनं फ्री किक मारली. आर्कोनादानं चेंडू छातीखाली धरला असं वाटलं, तेवढ्यात तो अंगाखालून हळूच सरकत रेषेपलीकडं गेला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीतला तो एक क्षण जन्मभर त्याच्या नावाला चिकटला. 2008 मध्ये संघाचा तिसरा गोलकीपर होता आंद्रेस पालोप. पूर्ण स्पर्धेत तो एक मिनिटही खेळला नाही. पण पदक घ्यायला तो आर्कोनादाची 1984 ची जर्सी घालून गेला. त्या वेळी युरोपीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते, दुसरं कोण, प्लातिनी. ज्याला खेळायला मिळालं नाही त्यानं, ज्याच्या हातून चेंडू निसटला त्याची आठवण ठेवली. पहिल्या गोलकीपरला हे सुचलं नसतं, असं मी म्हणत नाही. पण बाकावर बसलेल्या माणसाला अशा गोष्टींचा विचार करायला वेळ जास्त असतो, हे मी अनुभवानं सांगू शकतो.

आता 2010, दक्षिण आफ्रिका. स्पेनचे प्रशिक्षक आता तेच देल बोस्के. संघात तीन गोलकीपर: कासियास, बार्सिलोनाचा व्हिक्टर वाल्देस आणि लिव्हरपूलकडून खेळणारा पेपे रेइना. पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडनं 1-0 नं हरवलं. कासियासची मैत्रीण टीव्ही पत्रकार होती आणि गोलजवळून वार्तांकन करत होती. त्याचं लक्ष तिच्याकडं होतं, असं काही वर्तमानपत्रांनी लिहिलं. गोलकीपरनं गोल खाल्ला की कारण सापडतंच. नाही सापडलं तर शोधलं जातं.

3 जुलैला जोहान्सबर्गला पराग्वेविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. उत्तरार्ध, 0-0. पराग्वेला पेनल्टी मिळाली. मारायला आला ओस्कर कार्दोसो, डावखुरा, उंचापुरा. कासियासनं आपल्या डावीकडं झेप घेतली आणि चेंडू नुसता अडवला नाही, घट्ट धरून ठेवला. पेनल्टी अडवताना चेंडू बहुधा तळहातावर आपटून कुठंतरी उडतो. हातात तेव्हाच राहतो, जेव्हा गोलकीपर आधीच तिथं पोचलेला असतो.

तो आधीच तिथं कसा पोचला? त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिस्बनला बेन्फिका आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला होता. कार्दोसोनं त्यात दोन पेनल्टी मारल्या आणि दोन्ही गोल झाले. लिव्हरपूलच्या गोलमध्ये रेइना होता. ते दोन गोल त्यानं डोक्यात जपून ठेवले आणि जोहान्सबर्गला पहिल्या गोलकीपरला सांगितलं, कुठं जायचं ते. सामना संपल्यावर कासियासनं सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली आणि श्रेय दिलं. वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघाच्या वाटेतली ती सर्वांत नाजूक किक. ती अडवण्यात जोहान्सबर्गच्या झेपेइतकाच लिस्बनच्या दोन गोलांचा हात होता.

रेइनाच्या घरात हे ज्ञान पिढीजात होतं. त्याचे वडील मिगेल रेइना 1974 च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात अॅटलेटिको माद्रिदचे गोलकीपर होते. जादा वेळेत अॅटलेटिको 1-0 नं पुढं होतं. अगदी शेवटच्या मिनिटाला बायर्नच्या श्वार्झनबेकनं लांबून मारलेला चेंडू आत गेला. सामना पुन्हा खेळवला गेला आणि अॅटलेटिको 4-0 नं हरलं. एका किकेनं आयुष्य कसं बदलतं, ते त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नसेल.

अंतिम सामना 11 जुलैला, हॉलंडशी. बासष्टावं मिनिट, 0-0. स्नायडरनं बचाव चिरत पास दिला आणि आर्येन रॉबेन एकटा समोर आला. इथं मी जरा थांबतो, कारण हा क्षण गोलच्या मागून बघायला हवा. असा फॉरवर्ड एकटा धावत येतो तेव्हा गोलकीपरकडं दोनच पर्याय असतात. रेषेवर थांबला तर समोरच्याला 24 फूट मोकळे. पुढं धावला तर कोन लहान होतो, पण सावरायला वेळ उरत नाही. कासियास पुढं आला आणि खाली बसत एका बाजूला झुकला. रॉबेननं नेमका उलट बाजूला मारला. शरीर निघून गेलं होतं. मागं राहिला होता फक्त उजवा पाय, ताणलेला. चेंडू त्याच्या बुटाला घासला आणि खांबाबाहेरून निघून गेला. काही जण त्याला नशीब म्हणतात. पण खाली जाताना मागचा पाय उचलून न घेता जमिनीलगत ताणून ठेवायचा, हे काही त्या क्षणी सुचत नाही. ती हजारो वेळा घोटलेली सवय असते. पुढं त्र्याऐंशीव्या मिनिटाला रॉबेन पुन्हा सुटला, तेव्हा कासियासनं त्याच्या पायातूनच चेंडू काढून घेतला. एकशे सोळाव्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्टानं गोल केला. दूर दुसऱ्या टोकाला कासियास रडत होता. बाद फेरीच्या चार सामन्यांत स्पेननं एकही गोल खाल्ला नाही आणि चारही सामने 1-0 नं जिंकले.

2012 ला पुन्हा युरो. अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध 4-0 असताना हा गोलमागच्या पंचाला सांगतोय की, आता संपवा, समोरच्यांचा मान ठेवा. ते चित्रण पुढं जगभर फिरलं. त्याच वर्षी त्याला आणि बार्सिलोनाच्या झावीला मिळून प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार मिळाला. क्लबांमधलं वैर हातघाईवर आलं होतं, तेव्हा या दोघांनी फोनवर बोलून राष्ट्रीय संघात फूट पडू दिली नाही. तो फोन माद्रिदचे प्रशिक्षक मोरिन्हो यांना रुचला नाही, असं तेव्हा बोललं गेलं.

इथून चाक उलटं फिरलं. 22 डिसेंबर 2012 रोजी मालागाविरुद्धच्या सामन्यात मोरिन्होनं त्याला बाकावर बसवलं. महिन्याभरानं, 23 जानेवारीला, व्हॅलेन्सियात आपल्याच संघातल्या आर्बेलोआची लाथ चुकून त्याच्या डाव्या हातावर बसली आणि हाड मोडलं. दोनच दिवसांत क्लबनं दुसरा गोलकीपर घेतला, दिएगो लोपेस. हा लोपेस कोण? 2005 ते 2007 अशी दोन वर्षं माद्रिदमध्ये कासियासच्या मागं बाकावर बसलेला माणूस. संधी मिळेना म्हणून तो बाहेर पडला होता. आता तो गोलमध्ये आणि कासियास बाकावर. सेसार आणि कानिझारेस जिथून बघत राहिले होते, तिथून आता यालाही बघावं लागलं.

पुढच्या हंगामात नवे प्रशिक्षक अँचेलोत्ती यांनी मधला मार्ग काढला. लीगमध्ये लोपेस, चॅम्पियन्स लीगमध्ये कासियास. 24 मे 2014 रोजी लिस्बनला अंतिम सामन्यात तो गोल सोडून पुढं आला, अंतर चुकलं आणि अॅटलेटिकोच्या गोदिनचं हेडर डोक्यावरून आत गेलं. त्र्याण्णवाव्या मिनिटापर्यंत तो सामन्याचा खलनायक होता. मग रामोसनं हेडरनं बरोबरी साधली, माद्रिद 4-1 नं जिंकलं आणि कर्णधार म्हणून करंडक यानंच उचलला. आर्कोनादाच्या नशिबी कुणी रामोस नव्हता.

तीन आठवड्यांनी, 13 जूनला, ब्राझीलमधल्या साल्वादोरला हॉलंडनं स्पेनला 5-1 नं झोडपलं. एका गोलच्या वेळी पायाखालचा चेंडू त्याच्या हातचा, म्हणजे पायाचा, सुटला. व्हान पर्सीनं तो उचलून आत टाकला. 1998 च्या 13 जूनलाच नायजेरियाविरुद्ध अंदोनी सुबिसारेताच्या हाताला लागून चेंडू आत गेला होता. कासियासच्या आधी स्पेनकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम त्याचाच होता. या जागेचा वारसा असाही येतो.

त्याच्यातल्या उणिवा झाकायचं कारण नाही. तो फार उंच नव्हता. विंगवरून येणाऱ्या उंच चेंडूंना बाहेर पडताना अडखळायचा. पायानं खेळणं बेताचं होतं, आणि काळ तर पायानं खेळणाऱ्या गोलकीपरांचा येत होता. सामन्यामागं सर्वांत कमी गोल खाणाऱ्याला स्पेनमध्ये जुन्या रिकार्दो सामोराच्या नावानं करंडक देतात. वाल्देसनं तो पाचदा घेतला, कासियासनं एकदा. आकड्यांत हा काही राजा नव्हता. समोर एकटा माणूस उभा असताना मात्र याच्याइतका भरवशाचा गोलकीपर त्या काळात मला दुसरा दिसला नाही.

12 जुलै 2015 रोजी त्यानं माद्रिद सोडलं. पंचवीस वर्षं, 725 सामने. पत्रकारांसमोर तो एकटाच बसला, शेजारी क्लबचा कुणी नाही, हातात लिहून आणलेला कागद, आणि वाचता वाचता रडत होता. दुसऱ्या दिवशी क्लबनं समारंभ केला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो आदला दिवस. पोर्तुगालच्या पोर्तो संघाकडून तो खेळला, तिथं लीग जिंकला. 2016 च्या युरोमध्ये स्पेनच्या गोलमध्ये दे हेआ होता. 167 सामने खेळलेला कासियास पूर्ण स्पर्धा बाकावर बसला. 1 मे 2019 रोजी पोर्तोच्या सरावात हृदयविकाराचा झटका आला. वय सदतीस. जीव वाचला, खेळ थांबला. 4 ऑगस्ट 2020 रोजी त्यानं निवृत्ती जाहीर केली.

आता सरांचा प्रश्न. तो फॉरवर्ड कुठल्या पायानं आणि कुठं मारतो, ते मी पाहिलं होतं. डावा पाय, गोलकीपरच्या उजवीकडं, खाली. किक मारण्याआधी तो एकदा मान वर करून दुसऱ्याच कोपऱ्याकडं बघायचा, तेही पाहिलं होतं. सर म्हणाले, गोलीला सांग. मी सांगितलं नाही. वर्षानुवर्षं किका मारून देणाऱ्या माणसाजवळ स्वतःचं म्हणून तेवढंच एक होतं, ते कशाला द्या, असं वाटलं.

पुढच्या हंगामात तोच संघ, तोच फॉरवर्ड. आमचा पहिला गोलकीपर गोलमध्ये, मी बाकावर. त्यानं मान वर केली, दुसऱ्या कोपऱ्याकडं बघितलं आणि डाव्या पायानं उजवीकडं खाली चेंडू घातला. आमचा गोलकीपर डावीकडं झेपावला होता. क्षणभर, खोटं का बोलू, मला बरं वाटलं.

मग मी जाळीच्या मागं बघितलं. सर तिथंच उभे होते. ते चेंडूकडं बघत नव्हते, आमच्या गोलकीपरकडंही नाही. ते बाकाकडं बघत होते.

रेइनानं कासियासला सांगितलं, हे मी 2010 मध्ये वाचलं, त्या दिवशी सरांना फोन करावासा वाटला. तोवर ते गेले होते. म्हणून आज इथं सांगितलं.